तापलेले छप्पर आणि थंड आकाश

चैत्र-वैशाखातील दुपारी अंबरनाथच्या बुवापाड्यातील एखाद्या पत्र्याच्या घरात क्षणभर उभे राहून पाहावे. बाहेर ऊन आहे आणि आत सावली आहे. तरीही डोक्याला लागणारी धग आतच अधिक वाटते. तळहात छपराजवळ वीतभर अंतरावर धरला तर तो चुलीपुढे धरल्याप्रमाणे भाजू लागतो. मधे एक पुठ्ठा धरला की धग तात्काळ थांबते. खोलीतील हवा एका क्षणात थंड झाली, असे तर घडलेले नसते. मग थांबले काय? थांबले ते पत्र्यापासून निघून सरळ हातावर येणारे उष्णतेचे किरण. डोळ्यांना न दिसणाऱ्या ह्या किरणांसच शास्त्रात उष्णतेचे प्रारण म्हणतात.

माणसाच्या घरावर जो पत्रा असतो तोच म्हशीच्या गोठ्यावर असतो आणि तोच मुरबाड, शहापूर, बदलापूर ह्या बाजूच्या कोंबड्यांच्या शेडवरही असतो. म्हशीची कातडी काळी आणि तिला घाम थोडा येतो. कोंबडीला तर घामाच्या ग्रंथीच नसतात. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. शेडमधील उष्णता वाढली की ती चोच उघडून धापा टाकू लागते, खाणे सोडते आणि अखेर मान टाकते. माणसाचीही स्थिती फारशी निराळी नाही. ह्याच कोकणपट्टीत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. यास्तव उष्णतेचे किरण कसे येतात, कसे परतवावेत आणि आपल्या जवळची उष्णता किरणांच्याच वाटेने बाहेर कशी घालवावी, हे प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगे आहे. ह्या विषयात अलीकडे जगभर अतिसूक्ष्म कणांच्या व थरांच्या पदार्थांवर मोठे संशोधन झाले आहे. ते काय आहे, आपल्या उपयोगाचे किती आहे आणि ते हाती येईपर्यंत आपण काय करावे, ह्याचा विचार ह्या लेखात केला आहे.

प्रत्येक वस्तू किरण टाकीत असते

उष्णता तीन वाटांनी प्रवास करते. तव्याच्या दांड्यातून हाताला चटका बसतो ते वहन. चुलीवरची हवा तापून वर चढते ते अभिसरण. आणि मधे काहीही नसताना सूर्याची ऊब पृथ्वीवर पोचते ते प्रारण. ह्यांपैकी तिसरी वाट केवळ सूर्याचीच नव्हे. पत्रा, भिंत, जमीन, झाडाचे पान, गुरे आणि आपण स्वतः असे सर्वच अहोरात्र उष्णतेचे किरण बाहेर टाकीत असतात. वस्तू जितकी तापलेली तितके हे किरण अधिक.

ह्याचा एक ढोबळ हिशेब करून पाहू. ६५ अंशांपर्यंत तापलेला जुना सिमेंटचा पत्रा आपल्या खालच्या बाजूने दर चौरस मीटरला सुमारे ६५० वॅट इतकी उष्णता खोलीत फेकतो. ३५ अंशांचे छप्पर असेल तर हाच आकडा सुमारे ४६० भरतो. फरक दर चौरस मीटरला जवळपास १९० वॅटचा झाला. दहा चौरस मीटरच्या लहानशा खोलीत हा फरक दोन हजार वॅटच्या जवळ जातो. म्हणजे भर उन्हाळ्यात घरच्या माणसांच्या डोक्यावर विजेची एक मोठी शेगडी उलटी टांगून ठेवण्यासारखेच झाले. पंखा ह्या शेगडीस विझवू शकत नाही. तो हवा हलवितो; किरण अडवीत नाही.

आकाशाचा झरोका

वस्तू किरण टाकते तसेच तिच्यावर इतर वस्तूंचे किरण येऊन पडतातही. म्हणून जमाखर्च पाहावा लागतो. भिंतीसमोर भिंत असेल तर देणे-घेणे जवळपास सारखेच राहते. परंतु छपरासमोर आहे ते उघडे आकाश, आणि आकाशाची गोष्ट निराळी आहे.

साधारण तापमानाच्या वस्तूंपासून निघणारे किरण लांब लहरींचे असतात. ह्या लहरींची लांबी मायक्रॉन ह्या मापाने सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या भोवतालच्या वस्तूंच्या किरणांचा मोठा भाग १० मायक्रॉनच्या आसपासचा असतो. हवेतील वाफ व कर्बवायू उष्णतेचे बरेचसे किरण शोषून परत खाली पाठवितात. परंतु ८ ते १३ मायक्रॉन एवढ्या पट्ट्यात निरभ्र व कोरडी हवा बरीच पारदर्शक असते. घराच्या भिंतीत झरोका असावा तसा हा वातावरणातील झरोका होय. त्यातून गेलेले किरण अवकाशातील पराकाष्ठेच्या थंडीत जातात आणि परत येत नाहीत.

ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यास नवी नाही. तिचे नाव मात्र नवे आहे. हिवाळ्यात उघड्यावर ठेवलेली वैरण सकाळी दवाने ओली होते आणि झाडाखालची कोरडी राहते. ढगाळ रात्र उबदार आणि निरभ्र रात्र गार, हे तर सर्वच जण जाणतात. झाड आणि ढग दोन्ही त्या झरोक्यावर पडदा धरतात. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी थंडीच्या दिवसांत दवबिंदू गोठून गवतावर व मोटारींच्या टपांवर हिमकण दिसतात, त्यावेळी माणसाच्या उंचीवरील हवा अनेकदा शून्य अंशाच्या वरच असते. हवेपेक्षा गवत अधिक थंड होते, कारण गवत आकाशास उष्णता देऊन बसलेले असते.

आपल्या देशात ह्या ज्ञानाचा उपयोग बर्फ करण्यासाठीही होत असे. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर ह्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस अलाहाबादकडील ह्या रीतीचा वृत्तांत सादर केला. उघड्या जागी उथळ खड्डे खणून त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरीत, वर मातीची उथळ परळे पाण्याने भरून ठेवीत आणि पहाटे बर्फ गोळा करीत. ताटांमुळे जमिनीची ऊब परळांपर्यंत पोचत नसे आणि वरून पाणी आकाशास उष्णता देत राही. पुढे १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्स ह्यांनी दवावरील आपल्या निबंधात ह्या थंडीचे कारण नीट उलगडून दाखविले.

चकाकणारा पत्रा का तापतो

मग प्रश्न असा उरतो की, रात्री आकाशास उष्णता देणारे छप्पर दिवसाही ती देत असताना थंड का राहत नाही? उत्तर सोपे आहे. दिवसा खर्चापेक्षा जमा फार मोठी असते. निरभ्र आकाशात भर दुपारी दर चौरस मीटरवर सूर्यापासून सुमारे १,००० वॅट येतात. ह्याउलट, छपराचे तापमान हवेइतके असताना झरोक्यातून होणारा निव्वळ खर्च कोरड्या हवेतही साधारण १०० वॅटच्या घरात असतो.

ह्यावरून छपराचे दोन गुण ध्यानात ठेवावयाचे. पहिला गुण परावर्तनाचा, म्हणजे सूर्यप्रकाश परतवून लावण्याचा. दुसरा उत्सर्जनाचा, म्हणजे स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याचा. हे दोन्ही गुण एकाच पृष्ठभागात असतीलच असे नाही, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते.

नवा चकाकणारा जस्ताचा पत्रा पाहून तो थंड राहील असे वाटते. तो सूर्यप्रकाशाचा बराच भाग परतवितो हे खरे. परंतु चकचकीत धातू उष्णतेचे किरण बाहेर टाकण्यात अत्यंत कंजूष असतो. जे थोडे शोषले ते तो सोडीत नाही, म्हणून उन्हात त्यास हात लाववत नाही. रुपेरी ॲल्युमिनियम रंगाचेही थोड्याफार प्रमाणात असेच आहे. उलट चुन्याचा पांढरा थर सूर्यप्रकाश परतवितो आणि उष्णतेचे किरण सढळ हाताने बाहेरही टाकतो. डोळ्यांना पांढरा दिसणारा चुना ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात जवळपास काजळासारखा वागतो, हे सांगितल्यावर नवल वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशीच आहे.

धातूचा हा कंजूषपणा एका ठिकाणी उपयोगी पडतो. पत्र्याची खालची, घरातील बाजू चकचकीत असेल तर ती खोलीत कमी किरण फेकते. म्हणून लोखंडी पत्र्याची वरची बाजू पांढरी करावी आणि खालची स्वच्छ व चकचकीत राहू द्यावी, हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हिशेबातील शेवटचे वीस टक्के

आता वरचे आकडे एकत्र मांडू. काळवंडलेला पत्रा १,००० पैकी ८०० वॅट शोषतो असे धरले, तर तो कमालीचा तापणार हे उघड आहे. चांगला पांढरा केलेला पत्रा ८० टक्के प्रकाश परतवितो. त्याच्या वाट्यास २०० वॅट उरतात. ८०० चे २०० झाले ही कमाई लहान नव्हे. तथापि आकाशाकडे होणारा खर्च १०० च्या घरातील असल्यामुळे जमा अजूनही वरचढ राहते आणि छप्पर हवेपेक्षा थोडे गरमच असते. मात्र एखाद्या पदार्थाने ९७-९८ टक्के प्रकाश परतविला तर जमा केवळ २०-३० वॅट होते. मग खर्च जमेवर मात करतो आणि छप्पर भर उन्हात भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊ लागते. विजेचा एकही युनिट न जाळता. नव्या पदार्थांची सारी धडपड ह्या शेवटच्या वीस टक्क्यांसाठी आहे.

सूक्ष्म थर व सूक्ष्म कण

ह्या कामी पदार्थाचा रंग बदलून भागत नाही. त्याची अतिसूक्ष्म रचना बदलावी लागते. सूर्यप्रकाशाच्या लहरी बहुतेक ०.३ ते २.५ मायक्रॉनपर्यंतच्या, तर छपराच्या उष्णतेच्या लहरी १० मायक्रॉनच्या आसपासच्या. पदार्थातील कण किंवा थर जेव्हा लहरीच्या लांबीशी मिळत्याजुळत्या मापाचे असतात तेव्हा ते त्या लहरीस अडवितात व मागे वळवितात. म्हणून काही दशांश मायक्रॉन, म्हणजे काही शेकडा नॅनोमीटर मापाचे कण सूर्याच्या आखूड लहरी परतवितात. उष्णतेच्या लांब लहरींना मात्र ते अडथळा करीत नाहीत. उलट पदार्थाचे रेणू त्या मुक्तपणे बाहेर टाकू शकतात. धान्याची चाळण जशी भोकांच्या मापावरून दाणा व कोंडा वेगळा करते, तशीच ही किरणांची चाळण होय.

२०१४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रमण, शानहुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या पातळ थरावर सिलिका व हाफ्नियम ऑक्साइड ह्यांचे सात थर चढविले. साऱ्यांची मिळून जाडी दोन मायक्रॉनहूनही कमी होती. माणसाचा केस ह्याच्या कित्येक पट जाड असतो. हा पृष्ठभाग ९७ टक्के सूर्यप्रकाश परतवीत होता आणि प्रखर उन्हात ठेवूनही भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंशांनी थंड राहिला. दिवसाउजेडी आकाशाचा थंडावा मिळविता येतो, हे ह्या प्रयोगाने सिद्ध झाले. २०१७ साली कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये काचेचे सूक्ष्म गोळे मिसळून व मागे चांदीचा मुलामा देऊन ५० मायक्रॉन जाडीचा कागदासारखा पापुद्रा तयार केला. तो गुंडाळीच्या रूपाने लांबच लांब काढता येतो.

चांदीचा मुलामा गोठ्याच्या छपरास परवडणारा नाही, हे उघड आहे. म्हणून पुढील प्रयत्न आपल्या अधिक जवळचा वाटतो. अमेरिकेतीलच पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन ह्यांच्या गटाने २०२० साली कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म कणांचा रंग तयार केला. त्याने ९५.५ टक्के प्रकाश परतविला आणि भर दुपारी तो भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे पावणेदोन अंशांनी थंड राहिला. २०२१ साली त्याच गटाने बेरियम सल्फेटचा रंग केला. त्याचे परावर्तन ९८.१ टक्के भरले. पोटाची क्ष-किरण तपासणी करताना रुग्णास जे पांढरे औषध पाजतात, तेच हे बेरियम सल्फेट. दोन्ही रंगांत कणांची संख्या भरपूर ठेवलेली होती आणि कण एका मापाचे नसून लहानमोठे असे मिश्र होते. कारण सूर्यप्रकाशातही लहानमोठ्या सर्व लहरी असतात.

आता कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे काय? विरलेला चुना छपरावर लावल्यानंतर हवेतील कर्बवायू घेऊन ज्या पदार्थात पालटतो तो हाच. आपल्या आजीने चैत्रात भिंतीवर फिरविलेला चुन्याचा कुंचला आणि प्रयोगशाळेतील तो रंग ह्यांचे द्रव्य एकच. फरक कणांच्या मापाचा, दाटीचा व थराच्या जाडीचा आहे.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण व बहुवारिक पदार्थ ह्यांचा रंग तयार करण्यात आला असून त्याचे परावर्तन ९६ टक्क्यांच्या वर आहे. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उलट दिशेने काम केले आहे. त्यांनी कर्बाची अतिसूक्ष्म फुलोऱ्यासारखी रचना घडविली; ती ९७ टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश शोषून त्याची उष्णता करते. छपरास नको असलेला हा गुण वाळवणाच्या कामी, पाणी तापविण्यास किंवा खारे पाणी शुद्ध करण्यास उपयोगी पडणारा आहे. किरण परतवावयाचे की गोळा करावयाचे हे कामावरून ठरते. दोहोंची किल्ली सूक्ष्म रचनेतच आहे.

कोकणच्या हवेचे बंधन

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. वर दिलेले बरेच आकडे कोरड्या हवेतील आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा टापू समुद्रापासून फार दूर नाही. उन्हाळ्यातही येथील हवेत वाफ पुष्कळ असते. वाफ वाढली की आकाशाचा झरोका अर्धवट मिटतो आणि ढग आले की तो बंदच होतो. म्हणून जो रंग अकोला किंवा चंद्रपूर येथील कोरड्या उन्हात हवेपेक्षा थंड राहील, तोच आपल्याकडे हवेइतका राहिला तरी त्यात समाधान मानावे. सूर्यप्रकाश परतविण्याचा पहिला गुण मात्र दमट हवेतही पूर्ण फळ देतो. तात्पर्य, कोकणात पहिल्या गुणावर अधिक भर द्यावा.

दुसरे बंधन धुळीचे व शेवाळाचे. रहदारीची व कारखान्यांची धूळ बसली आणि पावसाळ्यात काळे शेवाळ चढले की उत्तमातला उत्तम रंगही काही महिन्यांत निम्मा गुण गमावतो. ९८ टक्क्यांचा महाग रंग न धुता ठेवण्यापेक्षा दरसाल नव्याने दिलेला ८० टक्क्यांचा चुना अधिक उपयोगी ठरतो.

आज काय करावे

सिमेंटचे पत्रे, कौले व स्लॅब ह्यांसाठी चुना उत्तम. होळीनंतर, ऊन तापण्यापूर्वी हे काम उरकावे.

१. छपरावरील शेवाळ व धूळ पाण्याने भिजवून नरम झाडूने काढावी. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात; ते कोरडे घासू नयेत, कारण उडालेला भुगा फुप्फुसास घातक असतो.

२. ताज्या कळीच्या चुन्यास विरवून, एक रात्र मुरवून, कापडातून गाळून घ्यावे. ताकाएवढा दाट करून त्यात सरस किंवा भाताची पेज मिसळावी, म्हणजे थर धरून राहतो.

३. सकाळी किंवा सायंकाळी, पृष्ठभाग किंचित ओला असताना दोन पातळ हात द्यावेत. तापलेल्या पत्र्यावर दिलेला चुना पापुद्रे होऊन निघतो.

४. पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तुळयांवर फळी टाकून तिच्यावरून चालावे. डोळ्यांत चुना गेल्यास भरपूर पाण्याने डोळे धुऊन तात्काळ दवाखान्यात जावे.

जस्ताच्या व ॲल्युमिनियमच्या पत्र्यांस चुना देऊ नये. ओला चुना ह्या धातूंस खातो आणि त्यांवर तो टिकतही नाही. त्यांवर योग्य अस्तर देऊन बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा पांढरा रंग लावावा. छपराचे पाणी पिण्यासाठी साठवीत असल्यास पहिल्या एकदोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे. शेड व गोठ्यात ह्याच्या जोडीस वाऱ्यास मोकळी वाट, छपराखाली बांबूचा तट्ट्या किंवा पेंढ्याचा थर आणि भरपूर गार पाणी हवेच. चुना ह्यांपैकी कशाचीही जागा घेत नाही.

गावात करून दाखवावयाचे प्रात्यक्षिक

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपूर्वी पुढील प्रयोग लोकांसमक्ष करावा. तेलाचे तीन सारखे रिकामे डबे घ्यावेत. एक जसाच्या तसा ठेवावा, दुसऱ्याच्या वरच्या बाजूस रुपेरी रंग द्यावा, तिसऱ्याच्या वरच्या बाजूस पांढरा रंग द्यावा. तिन्ही डबे उन्हात एकाच ओळीत, वाळलेल्या गवतावर ठेवून प्रत्येकात एकेक साधा तापमापक सोडावा. ताप पाहण्याचा घरगुती तापमापक चालणार नाही. त्याची नळी ४२ अंशांपुढे मोजीत नाही. दर अर्ध्या तासाने आकडे फळ्यावर लिहावेत आणि कोणता डबा का तापला हे लोकांकडूनच वदवून घ्यावे.

दुसरा प्रयोग निरभ्र रात्रीचा. पाण्याच्या दोन सारख्या थाळ्या पेंढ्यावर ठेवाव्यात, एक उघड्या अंगणात व दुसरी मांडवाखाली. पहाटे दोहोंचे तापमान पाहिले म्हणजे आकाशाचा झरोका कोठे आहे हे कोणासही पुस्तकाविना समजेल.

विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न

तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु मागणी वाढली की "नॅनो" हे नाव लावलेले रंग खेड्यांतही येऊ लागतात. त्यांवर पैसा खर्च करण्यापूर्वी दोन आकडे लेखी मागावेत: सूर्यप्रकाशाचे परावर्तन किती टक्के आणि उष्णतेचे उत्सर्जन किती टक्के. दोहोंपैकी एकच आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नये. परावर्तन ८० च्या खाली असेल तर साधा पांढरा रंगच पुरे. तीन वर्षांच्या धुळी-पावसानंतर आकडा किती राहतो, हेही विचारावे.

आणखी एक फसवणूक ओळखून ठेवावी. हातातील पिस्तुलासारखा तापमापक वस्तूपासून येणाऱ्या किरणांवरूनच तापमान सांगतो. चकाकणारा पृष्ठभाग किरण थोडे टाकतो, म्हणून तो तापलेला असूनही हे यंत्र कमी आकडा दाखविते. रुपेरी पत्र्यावर यंत्र रोखून "पाहा, किती थंड!" असे कोणी म्हणाल्यास त्या पत्र्यावर विजेच्या तारांस लावतात तशी काळी चिकटपट्टी लावावी, पाच मिनिटे थांबावे आणि त्या पट्टीवर यंत्र रोखावे. खरा आकडा तेथे दिसेल.

हेच ज्ञान पिकासाठी

छपरास लागू पडणारा नियम पिकासही लागू पडतो. डाळिंबाच्या फळांना उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून केओलिन ह्या पांढऱ्या मातीच्या सूक्ष्म कणांची फवारणी करतात. प्रकाश परतविण्याचाच हा प्रकार होय. तिचे प्रमाण व वेळ कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच ठरवावी. उलट नाशिककडील द्राक्षबागायतदार थंडीच्या निरभ्र रात्री पानांची उष्णता आकाशात जाऊ नये म्हणून चिंतेत असतो. तो बागेत शेकोट्या पेटवितो, पहाटे पाणी देतो. हरितगृहाच्या साध्या प्लॅस्टिकमधून रात्री उष्णतेचे किरण निसटतात. ते अडविणारी द्रव्ये मिसळलेला कागद मिळतो, तो थंड प्रदेशात उपयोगी पडतो. कोठे झरोका उघडावा आणि कोठे मिटावा, एवढे समजले की कोणते आच्छादन घ्यावे हे शेतकरी स्वतःच ठरवू शकेल.

सूक्ष्म थरांचे व कणांचे हे पदार्थ आज ना उद्या स्वस्त होतील आणि आपल्या छपरांवर येतीलही. तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. बुवापाड्यातील खोलीत दुपारी झोळीत निजलेल्या मुलाच्या डोक्यावरची धग आजच कमी करावयाची आहे, आणि त्यासाठी लागणारा चुना गावच्या दुकानात मिळतो. पुढील होळीपूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील निदान एक घर, एक गोठा व एक शेड पांढरी करवून घ्यावी, शेजारचे तसेच राहू द्यावे आणि वैशाखात दोहोंचे तापमान लिहून काढावे. त्या दोन आकड्यांतील अंतर लोकांस व्याख्यानाहून अधिक लवकर पटेल.